शंभरावा निकाल

सप्टेंबर २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात एक बारीकशी गोष्ट घडली. गूगलच्या शोधपानाच्या पत्त्याला शेवटी ‘नम’ (इंग्रजी ‘नंबर’चं लघुरूप) आणि त्यापुढे शंभरचा आकडा जोडला, की एका पानावर दहाऐवजी शंभर निकाल येत असत. ती सोय बंद झाली. आधी सूचना नाही, निवेदन नाही. ही सोय आम्ही अधिकृतपणे देत नव्हतोच, एवढं कंपनीने नंतर विचारल्यावर सांगितलं. सर्वसामान्य माणसाला याचा पत्ताही लागला नाही. शंभर निकाल बसून बघतो कोण? पण ज्यांच्या स्वतःच्या वेबसाइट आहेत त्यांनी सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते हे दाखवणारं गूगलचं साधन, उघडलं, तेव्हा इंप्रेशन्सची, म्हणजे निकालांत किती वेळा दिसलो याची, जांभळी रेघ खाली आलेली होती, कोणाची थोडी, कोणाची डोळ्यांत भरेल इतकी. क्लिक्सची निळी रेघ मात्र जागच्या जागी. येणारे वाचक तेवढेच, दिसणं तेवढं घटलेलं, आणि वर ‘सरासरी स्थान’ चक्क सुधारलेलं. घाबरावं की खूश व्हावं, हे कळेना अशी अवस्था.

याचं गणित एकदा कागदावर मांडून बघावं. शोधपानावर तुमचा दुवा आला, की वाचकाने तिथवर सरकून पाहिलं नसलं तरी साध्या दुव्याचं एक इंप्रेशन धरलं जातं. पान उघडलं, त्यात दुवा होता, बास. आता समजा तुमचं एक पान दोन वेळा चौथ्या क्रमांकावर दिसलं आणि आठ वेळा चौऱ्याऐंशीव्या. इंप्रेशन्स दहा, आणि सरासरी स्थान अडुसष्ट. चौऱ्याऐंशीव्या क्रमांकापर्यंत कोणी माणूस जात नाही. तिथे जातात ती क्रमांक मोजणारी सॉफ्टवेअर, जी शंभर निकाल एका झटक्यात मागवून ‘तुमच्या स्पर्धकाचं पान आज कितवं’ याचा तक्ता गिऱ्हाइकांना विकतात. शंभरची सोय गेल्यावर त्यांना तोच तक्ता करायला दहा पानं मागवावी लागली, खर्च वाढला, बऱ्याच जणांनी खोल जाणं सोडलं. ती आठ इंप्रेशन्स नाहीशी झाली, उरली दोन, आणि सरासरी स्थान झालं चार. या क्षेत्रातल्या लोकांनी उलगडा केला तो असा, आणि आकडे त्याला जुळतात. म्हणून त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या इंप्रेशन्सची तुलना करू नये; क्लिक्सची करावी. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचाच डेटा राहतो, त्यामुळे त्याआधीचे आकडे हवे असतील तर वेळेत उतरवून ठेवावे.

पाहणारं माणूस नव्हतंच.

मला यातलं जे टोचतं ते हेच. छोट्या गावातला एखादा शिक्षक किल्ल्यांवर लिहितो, एखादी बाई चाळीस प्रकारच्या लोणच्यांची कृती नीट मोजमापासकट टाकते, आणि महिन्याच्या शेवटी तो जांभळा आकडा बघून तिला वाटतं, आपलं लिहिलेलं हजारोंच्या नजरेसमोरून गेलं. त्यातल्या कितीतरी नजरा यंत्राच्या होत्या. आणि दुसऱ्या टोकाला आता असं यंत्र बसलंय, की जे तिची कृती वाचतं, स्वतःच्या शब्दांत सांगतं, आणि विचारणाऱ्याला तिच्या पानापर्यंत येण्याची गरजच ठेवत नाही. मधला माणूस दोन्ही बाजूंनी कमी होत चाललाय. सर्च इंजिनांच्या जगातल्या गेल्या दोन वर्षांच्या साऱ्या घडामोडी मला या एकाच जागी येऊन मिळताना दिसतात.

शोधाचा जुना व्यवहार सरळ होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. इंजिनाने तुमचं पान वाचावं, त्याची प्रत ठेवावी, दोन ओळींचा उतारा दाखवावा. बदल्यात वाचक तुमच्याकडे धाडावा. मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं १९९६ साली, तेव्हा गूगल जन्मालाही यायचं होतं. मुंबईतून चाललेल्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डची ‘खोज’ नावाची शोधसेवा होती. नोव्हेंबर १९९९मध्ये तो सगळा समूह सत्यम इन्फोवेने ४९९ कोटींना घेतला, आणि त्या आकड्याने पेपरांचे मथळे भरले. सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या खोपट्यांत तासाच्या पैशांवर डोळा ठेवून लोक शोधत. मोडेमचा तो चरचराट, पंख्याखाली तापलेल्या मॉनिटरचा वास, आणि पान अर्धं उतरून अडकलेलं. मराठी पेपर उघडला आणि फॉन्ट उतरला नाही, की पडद्यावर रोमन अक्षरं आणि आकड्यांचा नुसता चिखल. त्या चिखलाकडे पुन्हा यावं लागेल.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी आपल्या इंजिनावर जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, की जाहिरातींवर जगणारं शोधइंजिन मुळातच जाहिरातदारांच्या बाजूला झुकेल. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही तो अलिखित व्यवहार पंचवीस वर्षं टिकला, कारण दुव्यावर क्लिक होत होता. मे २०२४मध्ये अमेरिकेत गूगलचं एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश, सगळ्यांसाठी सुरू झालं. ऑगस्टमध्ये ते भारतात इंग्रजी-हिंदीत आलं. अमेरिकेतल्या पहिल्याच आठवड्यांत त्याने पिझ्झ्यावर चीज नीट चिकटावं म्हणून गोंद घालायला सांगितलं आणि रोज एक लहान दगड खावा असा सल्ला दिला. जग हसलं. पण ती चूक कशी झाली हे नीट पाहिलं पाहिजे. गोंदाची सूचना रेडिटवरच्या अकरा वर्षं जुन्या चेष्टेतल्या प्रतिक्रियेत होती, दगडाची ‘द अनियन’ या विडंबनपत्रात. म्हणजे यंत्राने पान शोधलं ते प्रश्नाला जुळणारंच होतं. तिथे लिहिलेलं चेष्टेत आहे, हे मात्र त्याला उमगलं नाही. पूर्वी वाचक दुवा उघडत असे आणि पानाचं रूप, नाव, आजूबाजूच्या प्रतिक्रिया बघून क्षणात ओळखत असे. उतारा पानापासून सुटा झाला, की ओळखण्याच्या या सगळ्या खुणा गळून जातात.

आणि लोक दुवा उघडत नाहीत, हे आता मोजलेलं आहे. प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या नऊशे प्रौढांच्या मार्च २०२५मधल्या ब्राउझिंगचा अभ्यास जुलैत प्रसिद्ध केला. शोधपानावर एआयचा सारांश आला तेव्हा नेहमीच्या दुव्यावर क्लिक झाला शंभरातल्या आठ वेळा; सारांश नव्हता तेव्हा पंधरा वेळा. सारांशाच्या आत दिलेल्या दुव्यावर? शंभरात एकदा. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात वाईट वाटतो. ‘आम्ही स्रोत दाखवतो’ या म्हणण्याचं व्यवहारातलं वजन एवढंच.

शिवाय हा फरक वेबसाइटवाल्याला स्वतःच्या आलेखात वेगळा काढून बघता येत नाही. सर्च कन्सोल ओव्हरव्ह्यू आणि एआय मोड (दुव्यांच्या यादीऐवजी सलग उत्तर देणारा गूगलचा शोध) यांतले क्लिक्स ‘वेब’च्याच बेरजेत धरतं. ओव्हरव्ह्यूतल्या सगळ्या दुव्यांना एकच स्थान मिळतं, म्हणजे त्या चौकटीचं जे स्थान तेच. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर आलो म्हणून हरखून जावं, आणि प्रत्यक्षात तो दुवा चौकटीच्या कोपऱ्यात दडलेला असावा, असं होऊ शकतं. मग अंदाज कसा करायचा? ‘का’, ‘कसं’, ‘किती दिवसांत’ असे प्रश्नार्थक शोधशब्द वेगळे गाळून काढायचे, त्यांचं स्थान तेच राहून क्लिक्सचं प्रमाण घसरलंय का ते बघायचं, आणि मग तोच प्रश्न खाजगी खिडकीत विचारून वर सारांश येतो का ते तपासायचं. कष्टाचं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नोव्हेंबर २०२५मध्ये गूगलने एआय मोड मराठीतही आणत असल्याचं जाहीर केलं. सोबत बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, उर्दू. मनापासून सांगायचं तर याचा मला आनंद झाला. ज्यांना टाइप करणं जमत नाही, इंग्रजी पान उघडलं की ज्यांचा हात थबकतो, अशांना बोलून विचारता यावं आणि आपल्या भाषेत सलग उत्तर मिळावं, ही लहान गोष्ट नाही. पण एआय मोड काम कसं करतो ते पाहिलं की काळजीही वाटते. तो तुमच्या एका प्रश्नाचे अनेक उपप्रश्न पाडतो, प्रत्येकाचे निकाल गोळा करतो आणि त्यांतून उत्तर विणतो. एखाद्या विषयावर मराठीत चार बऱ्या पानांपेक्षा जास्त नसतील, तर उरलेली वीण इंग्रजी-हिंदी पानांतूनच येणार. वारसनोंद कशी करायची, असं कोणी विचारलं तर महाराष्ट्रातली फेरफाराची रीत, पंधरा दिवसांची नोटीस, तलाठी आणि मंडळ अधिकारी यांची कामं हे सगळं इथल्या महसूल कायद्यातलं आहे. शेजारच्या राज्यात नावं वेगळी, मुदती वेगळ्या. उत्तर अस्खलित मराठीत येईल आणि त्यातली एक पायरी दुसऱ्या राज्याची असेल, तर ती ओळखणं फार अवघड. मोडकं-तोडकं भाषांतर निदान सावध तरी करायचं. सफाईदार मराठी तो इशारा देत नाही.

मग ती चार बरी पानं तरी यंत्राला नीट सापडतात का? इथे आपल्या लिपीचा आणि व्याकरणाचा मामला सुरू होतो, आणि त्यात शिरल्याशिवाय मराठी शोधाबद्दल बोलणं वरवरचं राहतं.

इंजिनाचा गाभा म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची: कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची यादी. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात आणि चिकटण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. ‘विहीर’चं ‘विहिरीला’, ‘मूल’चं ‘मुलांसाठी’, ‘पाऊस’चं ‘पावसापासून’. नुसता शेवट छाटून मूळ शब्द हाती लागत नाही, कारण आतली वेलांटी आणि उकारही बदललेले असतात. आणि बेधडक छाटलं तर ‘चा’ हा प्रत्यय समजून ‘त्वचा’चं ‘त्व’ होतं. ‘पुण्यात’ हे ‘पुणे’चं रूप की ‘पुण्य’चं, हे आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेल्या ‘संधान’ या प्रकल्पात मराठीसह काही भारतीय भाषांसाठी नेमकं हेच काम झालं, पर्यटन या विषयापुरतं. असं काम दिसत नाही, गाजत नाही, पण शोध चालतो तो त्याच्या जिवावर.

त्याच्याही खाली अक्षरांची पातळी आहे. ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकासाठी ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी ‘अ’ काढून त्यावर चंद्र चढवत, आणि काही कळफलक आजही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी एका ठिकाणी एक खूण, दुसऱ्या ठिकाणी दोन. ‘बँक’ लिहिताना कोणी चंद्रबिंदू वापरतो, कोणी चंद्र देऊन वर अनुस्वार. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन वाटांनी निघतो: एकीत ‘ऱ’ हे नुक्त्याचं अक्षर आणि हलन्त, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाची न दिसणारी खूण. युनिकोडची स्वतःची प्रमाणीकरणाची पद्धत आहे, पण यातली एकही जोडी ती एक करत नाही. म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरशः जुळणी करणाऱ्या कोणत्याही शोधात ‘दुसऱ्या’ समोर दिसत असताना ‘काही आढळले नाही’ असं उत्तर येऊ शकतं. उपाय आहे आणि तो कठीण नाही: मजकूर साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळा या जोड्या एकाच रूपात बदलून घ्यायच्या. एकाच बाजूला केलं तर जुळणी आणखी बिघडते, हे मात्र विसरू नये. आणि अदृश्य जोडखूण सगळीकडून सरसकट काढून टाकू नये. तसं केलं की जुन्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दुसऱ्या’चं थेट ‘दुसर्या’ होतं, य वर रफार चढलेला.

मोठी इंजिनं ही दरी बहुतेक वेळा भरून काढतात, कारण कोट्यवधी लोकांनी काय टाइप केलं, मग काय दुरुस्त केलं, शेवटी कुठे क्लिक केलं, याचा साठा त्यांच्याकडे असतो. मराठी माणूस कितीतरी शोध रोमन लिपीत टाइप करतो, त्यात ‘पीक’चं स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं, तेही त्यांना उमगतं ते याच साठ्यामुळे.

अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्याचा आणि आपला संबंध तो इथे. ५ ऑगस्ट २०२४ला न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा राखली असा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच इंजिन आधीपासून बसवलेलं असावं यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. २०२२मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज. उपाय काय, याचा निर्णय आला २ सप्टेंबर २०२५ला. क्रोम विकावं लागणार नाही, पैसे देऊन जागा मिळवायलाही सरसकट बंदी नाही. मात्र इतरांना वगळणारे करार करता येणार नाहीत, आणि पात्र स्पर्धकांना शब्दसूचीतला काही भाग व वापरकर्त्यांच्या वागणुकीचा काही डेटा द्यावा लागेल. अनेकांना हा निर्णय मवाळ वाटला. मलाही क्रोमच्या बाबतीत तसंच वाटतं. पण डेटा देण्याचा भाग मला क्रोमपेक्षा महत्त्वाचा वाटतो. छोट्या भाषेतला क्वचित विचारला जाणारा प्रश्न नव्या इंजिनापुढे वर्षातून दोनदा येतो. तेवढ्यावर ते काय शिकणार?

स्वतःची शब्दसूची उभारणं किती महाग आहे, हे त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने दिसलं. मायक्रोसॉफ्टने आपल्या बिंग या इंजिनाचे निकाल इतरांच्या सॉफ्टवेअरला थेट पुरवणारी एपीआय सेवा ११ ऑगस्ट २०२५ला बंद केली आणि एआय एजंटांसाठीचा निराळा पर्याय पुढे केला. निकाल उसने घेऊन स्वतःच्या नावाने दाखवणाऱ्या लहान इंजिनांच्या पायाखालची जमीन सरकली. ब्रेव्हने २०२३मध्येच बिंगची मदत सोडून स्वतःची सूची वापरायला सुरुवात केली होती. ब्रिटनचं मोजीक तर आधीपासून स्वतःच्या सूचीवर उभं आहे. इकोसिया आणि क्वांट यांनी २०२४च्या नोव्हेंबरात एकत्र येऊन युरोपची सूची बांधण्याचा घाट घातला आणि सुरुवात फ्रेंचपासून केली. उलट, गूगलमधूनच बाहेर पडलेल्या श्रीधर रामस्वामी आणि विवेक रघुनाथन यांचं नीव्हा जाहिरातीशिवाय, वर्गणीवर चालणारं चांगलं इंजिन होतं. २०२३मध्ये ते बंद करावं लागलं. बंगळुरूचं गुरुजी हे इंजिन २००६ साली मोठ्या उमेदीने निघालं होतं, तेही टिकलं नाही. फ्रेंचपासून सुरुवात करणारं कोणी तरी निघतं. मराठीपासून सुरुवात करणारं इंजिन मला हयातीत बघायला मिळावं, अशी माझी इच्छा आहे.

तोवर वेबसाइटवाल्याच्या हातात काय आहे? रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल: पानं वाचत फिरणाऱ्या बॉट नावाच्या प्रोग्रामांना कुठे यावं, कुठे येऊ नये हे सांगणारी. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४मध्ये सुचवलेला हा संकेत २०२२मध्ये रीतसर प्रमाण झाला, पण तो विनंतीच आहे, पाळणारा पाळतो. तिच्यात ‘गूगल-एक्सटेंडेड’ या नावाला मनाई केली तर मजकूर जेमिनी या गूगलच्या एआयच्या प्रशिक्षणाला वापरला जात नाही. पुष्कळांचा समज असा की याने ओव्हरव्ह्यूही थांबतं. थांबत नाही. ओव्हरव्ह्यूसाठी पान वाचणारा बॉट नेहमीचाच गूगलबॉट, आणि त्याला अडवलं तर शोधातूनच बाहेर. मधला मार्ग म्हणजे पानाच्या शीर्षभागात ‘नोस्निपेट’ लिहिणं, म्हणजे उतारा कुठेच दिसत नाही. पण मग साध्या निकालातही दुव्याखाली कोरी जागा. त्याहून बरं ‘डेटा-नोस्निपेट’: हा गुणधर्म पानातल्या ठरावीक तुकड्यालाच लावता येतो. कृतीचं मोजमाप, तक्ता, निष्कर्ष अशा भागाला तो लावावा आणि प्रस्तावना मोकळी ठेवावी. नंतर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पान पुन्हा वाचण्याची विनंती करायची; बॉट परत येऊन जाईपर्यंत जुनाच उतारा दिसत राहतो.

सगळ्यात जास्त घडणारी चूक वेगळीच आहे. एखादं पान शोधातून काढायचं असतं, म्हणून लोक पानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे सूचीत घेऊ नका, असं लिहितात आणि खबरदारी म्हणून रोबोट्सच्या फाइलीतही त्याला मनाई करतात. आता बॉट पान उघडतच नाही, त्यामुळे ‘नोइंडेक्स’ त्याला दिसत नाही, आणि बाहेरून कोणी दुवा दिला असेल तर तो पत्ता निकालांत तसाच राहतो. दोन्हींपैकी एकच करावं, आणि काढून टाकण्यासाठी ते एक म्हणजे ‘नोइंडेक्स’. दुसरी काळजी सर्व्हरची: ही फाइलच मागितल्यावर सर्व्हर ५०० किंवा ५०३ची चूक देत असेल, तर गूगल काही तास सगळ्या साइटलाच मनाई आहे असं धरून थांबतं. स्वस्त होस्टिंगवर रात्री असं होतं आणि सकाळी कोणाला कळतही नाही.

वेबसाइटना वेग आणि संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ जुलै २०२५पासून नव्या वेबसाइटवर एआय बॉटना सुरुवातीलाच अटकाव ठेवला आणि वाचण्याचे पैसे मागण्याची सोय चाचणीला आणली. रेडिटने गूगलशी २०२४मध्येच करार केला, वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलरचा अशी बातमी होती. आपल्याकडच्या एकट्या-दुकट्या लेखकाला असा सौदा करायला ना वकील ना वजन. गूगलने प्रकाशकांचा मजकूर एआयसाठी वापरताना त्यांना खराखुरा नकार देता येतो का, याची चौकशी युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५मध्ये सुरू केली. शोध आणि सारांश यांसाठी दोन वेगळे बॉट असावेत, ही मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

सापडण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा तोटा मात्र आपणच केलेला आहे, तो पीडीएफचा. शासन निर्णयांचंच बघा. प्रत्येकाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो, पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस. तो हाताशी असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर निर्णय लगेच मिळतो. पण विषयावरून शोधायला जावं तर हाती लागेल याची खात्री नाही. काही फाइली नुसत्या स्कॅन. काहींत मजकूर आहे पण फॉन्टची आतली नोंद सदोष, त्यामुळे दिसतं एक आणि आत भलतंच. तपासायला अर्धा मिनिट लागतं: एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवायची. ‘निर्णय’ची वेलांटी सुटी होऊन ‘न’च्या आधी आली, रफार गळाला, अधेमधे चौकोन आले, तर बॉटलाही तेच दिसतं. स्कॅन असेल तर तीनशे डीपीआयला करून टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रामच्या मराठी डेटाने किंवा गूगल ड्राइव्हमधून अक्षरओळख करून घ्यावी, आणि शक्य असेल तिथे पीडीएफच्या जोडीला तोच मजकूर साध्या वेबपानावर ठेवावा. वीस खंडांचा मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये वेबपानांवर आहे म्हणून शोधात सहज सापडतो. तितक्याच तोलाचे कितीतरी ग्रंथ स्कॅनच्या रूपात पडून आहेत.

फेब्रुवारी २०२४मध्ये गूगलने निकालाशेजारचा ‘कॅश्ड’ दुवा काढून टाकला, आणि बंद पडलेल्या साइटची शेवटची प्रत बघण्याची सोपी वाट गेली. आता भिस्त इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर. तिथे जुने मराठी पेपर, दिवाळी अंक, हौशी लेखकांची पानं उघडली, की तो सुरुवातीचा चिखल पुन्हा समोर येतो, कारण तेव्हाचा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता; श्रीलिपी, सुरेख, शिवाजी अशा फॉन्टांच्या खासगी मांडणीत होता. फॉन्ट नसेल तर ती फक्त रोमन चिन्हं, आणि बहुतेक सूचींत ती मराठी म्हणून गेलेली नाहीत. जवळजवळ एका दशकाचं मराठी असं अडकलंय. ते सोडवता येतं. आधी फॉन्ट नेमका कोणता हे पानाच्या सोर्समधून बघायचं, कारण एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांचे तक्तेही वेगळे असतात. रूपांतराच्या तक्त्यात लांब जोड्या आधी ठेवायच्या, एकेकटी चिन्हं नंतर. नाहीतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’चे तुकडे होतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती नंतर न्यायची, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षरानंतर. नव्या पत्त्यावर मजकूर टाकला, की जुन्या पत्त्यावरून कायमचं, म्हणजे ३०१चं, पुनर्निर्देशन निदान वर्षभर ठेवायचं. सगळ्यात शेवटी रफार तपासायचा, तोही माणसाने वाचून. तो जुन्या मजकुरात अक्षराच्या नंतर असतो आणि युनिकोडमध्ये आधी लागतो; हा बदल राहून गेला की ‘वर्ष’चं ‘वषर्’ आणि ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं. असे शब्द आजही इंटरनेटवर सापडतात, कारण रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने ते काम पूर्ण झालेलं होतं.